पेटीतलं पाणी पिकेपर्यंत

रत्नागिरी, ८ जुलै २०२४

सहदेवराव, नमस्कार.

इकडे आम्ही सगळे आहोत. सुखात आहोत की नाही, ते पुढचं वाचून आपणच ठरवा.

फोन सोडून पत्र का, असं आपण म्हणाल. आमच्याकडे रेंज फक्त हॉलच्या खिडकीत येते आणि आपल्याला कमी ऐकू येतं, म्हणून तिथून ओरडावं लागतं. आता जो विषय काढायचा तो हॉलमध्येच मांडलेला आहे, आणि मांडणारी आपली कन्या कॉलेजातली नोकरी करून आली की त्याच्यासमोर स्टूल टाकून बसते. तिच्या देखत तिच्याबद्दल ओरडणं मला जमणार नाही. आपल्या गावचा संदेश आमच्या नाक्यावर हार्डवेअरच्या दुकानात कामाला येतो, त्याच्या हाती हे देतो आहे.

विषय म्हणजे रुखवतातली काचेची पेटी. लोकांच्या सुना रुखवतात भरतकाम आणतात, लाडवांचे मनोरे आणतात. तेजस्वीने ही पेटी आणली, तीही रिकामी. आमच्या सौ. कार्यालयात सगळ्यांना सांगत फिरल्या की यात समुद्रातले शोभेचे मासे येणार आहेत. त्यासाठी टीव्ही हॉलमधून आतल्या खोलीत गेला आणि सौ. आता मालिका पलंगावर अवघडून बसून बघतात. पेटीत आज खारं पाणी आहे, वाळू आहे, आपण गोणपाटात ओले करून पाठवलेले पूर्णगडचे दगड आहेत आणि एक मोटर गुरगुरते आहे. मासा नाही. लोक येतात, पाण्याकडे बघतात, चहा पितात आणि जातात. कालच सौ.च्या भिशीतल्या बायका येऊन गेल्या. एकीने विचारलं, मासे लाजतात का.

मी सुनेला विचारलं. ती म्हणाली, "बाबा, पाणी अजून पिकलं नाही." म्हणजे आधी पाण्यात काहीतरी सडायला हवं. सडलं की विष होतं. ते विष खाणारे जंतू दगडांवर, वाळूत वस्ती करतात, पण ते खाऊन दुसरं विष करतात. मग ते दुसरं खाणारे वेगळे जंतू यावे लागतात. दोन्हीकडचे जंतू नीट बसले की मग मासा, आधी घातला तर मरतो. हे सगळं मला पटलं. पण सडण्यासाठी तिने पेटीत एक अख्खी कोळंबी ठेवली आहे. ताजी, चांगली बोटभर. सौ. रोज येता-जाता तिच्याकडे बघतात. आमच्या घरात आजवर कोळंबी वाया गेलेली नाही.

आता मुद्दा. काल आपल्या दगडातून गोमेसारखा एक किडा निघाला. गुलाबी, दोन्ही अंगांना केस. तो आपल्याकडचा आहे म्हणून आपल्याला विचारतो, तो काय करतो? सौ.ना अजून सांगितलेलं नाही.

आपला,
सुहास आंब्रे

पूर्णगड, १२ जुलै

व्याहीबुवा, रामराम.

पत्र पोचलं. संदेशने ते टिफिनच्या डब्याखाली ठेवल्यामुळे दुसऱ्या पानाला भाजीचा वास आहे, पण अक्षर शाबूत आहे.

किडा निरुपद्रवी आहे. दगडावरचं उष्टं-खरकटं खातो, साफसफाईच करतो म्हणा ना. फक्त हात लावू नका, केस बोटात मोडतात आणि चुणचुणतात. हे मी अनुभवाने सांगतो आहे असं समजू नका. आमचं घर समुद्राकडे पाठ करून डोंगराच्या अंगाला आहे. आम्ही भात लावणारी माणसं, त्यात मी जन्मभर प्राथमिक शाळेत मास्तर. समुद्राचं सगळं ज्ञान तेजस्वीच्या जुन्या पुस्तकांतून घेतलं आहे, ती अजून फळीवर आहेत. चित्र जुळलं म्हणून कळवलं.

दगडांचं सांगतो. तिची आई गेली तेव्हा ती शाळेत होती. त्यानंतर ओहोटी लागली की किल्ल्याखालच्या खडकांवर जाऊन बसायची. मी हाका मारून दमायचो. दगडाखाली काय आहे ते बघायची आणि पुन्हा दगड जसा होता तसा ठेवायची. लग्न ठरल्यावर तिथले सुटे दगड आणा असं मला सांगून गेली. मी नारायणाची गाडी करून ते पाठवले. म्हणून म्हणतो, त्या दगडांतून आणखी काही निघालं तर घाबरू नका, मला कळवा. तिला विचारू नका. विचारलं की तिला वाटतं, घरात तिची तक्रार चालली आहे.

विहीणबाईंना नमस्कार. कोळंबीचं मला वाईट वाटलं.

सहदेव मांडवकर

रत्नागिरी, २६ जुलै

सहदेवराव, नमस्कार.

आपण सांगितल्याप्रमाणे घाबरलो नाही. आता नोंद घ्या.

काचेवर आधी चहाच्या डागासारखी खपली आली, मग तांदळाएवढ्या गोगलगायी निघाल्या आणि ती खपली खाऊ लागल्या. एका दगडाच्या भोकातून बारीक, काटेरी हात बाहेर येऊन पाणी चाचपतात. किती हात आहेत ते कळत नाही, कारण मालक अजून बाहेर आलेला नाही. आणि दुसऱ्या एका दगडावर फूल आहे. नळीतून पिसाऱ्यासारखं उघडतं, लालसर पांढरं, मोठं देखणं आहे. पण कोणाची सावली पडली की झटकन आत जातं.

या फुलाने घरात भांडण लावलं. सौ. पेटीसमोरून दिवसातून अनेकदा जातात, कारण स्वयंपाकघर त्या बाजूला आहे. त्या गेल्या की फूल आत. त्या म्हणाल्या, "माझं तोंड बघवत नाय तर आलं कशाला माझ्या घरात?" मी म्हटलं, सगळ्यांनाच तसं करतं. त्या म्हणाल्या, "तुमच्यासमोर उघडं असतं की तासन् तास." ते खरं आहे, पण त्याचं कारण मी हलत नाही. मी आता संध्याकाळी तिथेच बसतो. तेजस्वीने मला काचेच्या नळीत थेंब टाकून पाण्याचा रंग बघायला शिकवलं आहे. पिवळा आला तर विष नाही, हिरवा आला तर आहे. सध्या हिरवा येतो. मला त्यात लक्ष घालायला आवडतं, हे आपल्यापाशी कबूल करतो.

पण श्रावण तोंडावर आला आहे. सौ. श्रावणात मासळी घरात आणत नाहीत, मासळीची भांडीसुद्धा माळ्यावर जातात. कोळंबी पेटीत आहे म्हणजे घरात आहे की नाही, यावर सासू-सुनेत बोलणं झालं. तेजस्वी म्हणाली, "आई, तोवर ती विरघळून जाईल." सौ. म्हणाल्या, "आणि नाय विरघळली तर?" तेव्हापासून दोघी गप्पच आहेत. स्वरूप मुंबईहून आला होता, तो जेवला आणि रविवारच्या गाडीने परत गेला. माझाच मुलगा असून सांगतो, अशा वेळी त्याचा काडीचा उपयोग नाही.

ते हातवाले कोण?

सुहास

पूर्णगड, ३० जुलै

व्याहीबुवा, रामराम.

हातवाला म्हणजे तारामाशाच्या जातीतला आहे. पुस्तकात दिलं आहे की ताटाएवढा होतो. काळजी नको.

भातलावणी आटोपली. गुडघे दुखतात.

श्रावणाचं विहीणबाईंच्या कलाने घ्या. तेजस्वीला मी फोनवर इतकंच म्हटलं की सासरी दोन पावलं मागे यावं. ती म्हणाली, "अप्पा, मी मागेच आहे. पुढे यायला जागाच नाय." मी विषय बदलला. तो बदलायला नको होता असं आता वाटतं.

सहदेव

रत्नागिरी, ५ ऑगस्ट

सहदेवराव,

ताटाएवढा होतो असं आपण कळवलंत. ते पत्र मी टेबलावर ठेवलं आणि सौ.नी वाचलं. पण जे झालं त्याचा दोष मी आपल्याला देत नाही. तेजस्वीने नंतर सांगितलं की ती जात रुपयाच्या नाण्याएवढीच राहते, आपण पुस्तकात बाजूचं चित्र बघितलंत.

काल दिव्यांची अवस. आपल्याकडेही असते. दरवर्षी सौ. घरातले सगळे दिवे, समया, निरांजनं चिंच लावून घासतात आणि पडवीत पाटावर मांडतात. मी सकाळी देवरूखला एका बारशाला गेलो होतो, तेजस्वीचं कॉलेजात काही प्रशिक्षण होतं. सौ.नी दिवे घासले. मग त्यांना वाटलं, उद्यापासून श्रावण, अवसेला घर कसं लख्ख हवं. त्यांनी कोळंबीचं जे उरलं होतं ते चिमट्याने काढून टाकलं. मग दगड बाहेर काढले. काथ्या घेऊन नळाखाली एकेक दगड स्वच्छ घासला. मोटरीतला स्पंजही साबणाने धुतला, आणि सगळं पाटावर दिव्यांच्या शेजारी वाळत मांडलं. वर हळदकुंकू वाहिलं, कारण पाटावर जे असतं त्याला वाहतात.

मी परत आलो तेव्हा तेजस्वी पिशवी खांद्यावर तशीच ठेवून पाटासमोर उभी होती. दगड मला ओळखू आले नाहीत. पांढरे झाले होते. ती एवढंच म्हणाली, "आई, हे जिवंत होतं." सौ. म्हणाल्या, "घाण होती ती. माझ्या घराची अवस आहे आज." मला वाटतं यातला "माझ्या घराची" हा शब्द तिला लागला. घाण म्हटलेलं तिने ऐकून घेतलं असतं.

ती रडली नाही, भांडली नाही. दगड उचलून तिने बादलीत ठेवले आणि जेवायला वाढलं. आज सकाळी म्हणाली, नागपंचमीला माहेरी जाते. नव्या सुनेने जायचंच असतं, मी हो म्हटलं. पण बॅग मोठी आहे, सहदेवराव. नागपंचमीला एवढी बॅग लागत नाही.

सुहास

पूर्णगड, १५ ऑगस्ट

व्याहीबुवा, रामराम.

पंचमी होऊन गेली. तेजस्वी इथेच आहे हे आपण जाणताच. कॉलेजला इथूनच एसटीने जाते-येते. सासरचं नाव काढत नाही, मी काढलं तर तोंडात मिठाची गुळणी धरते. ओहोटीला पुन्हा खडकांवर जाऊन बसते.

काल बोलली. स्वरूपला तिने मुंबईत खोली बघायला सांगितलं आहे. ती नोकरी सोडून तिकडे जाणार म्हणते. मी म्हटलं, आणि गौर? यंदा गौर पूर्वा नक्षत्रावर येते आहे, म्हणजे नव्या सुनेने सुपं भरून गौर पुजायची, तो तुझा पहिला ओवसा यंदाच. यंदा चुकला तर पुन्हा केव्हा योग येईल कोण जाणे. ती म्हणाली, "ज्या घरात माझं काय घाण नि काय चांगलं ते दुसरं कोण ठरवणार, तिथे कसला ओवसा करू?"

व्याहीबुवा, आता मनातलं लिहितो. ती आल्यापासून संध्याकाळी दोन ताटं मांडली जातात, आणि मला बरं वाटतं. फार बरं वाटतं. तिला परत जा म्हणायला हवं हे मला कळतं, आणि रोज मी ते उद्यावर टाकतो. नव्या घरातून मुलगी ओवशाआधी निघून आली तर गाव काय म्हणेल याची मला भीती नाही, गाव काहीही म्हणतं. मला भीती अशी आहे की ती पुन्हा कुठेच नीट बसणार नाही. तिच्या आईच्या वेळेपासून तिची ही सवय आहे. लागलं की उठून जाते, आणि मग कितीही हाका मारा, मागे बघत नाही.

तुमच्याकडून कोणी एक शब्द बोललं तर बघा. माझ्याने होत नाही.

सहदेव

रत्नागिरी, २१ ऑगस्ट

सहदेवराव, नमस्कार.

शब्द बोलण्याचं म्हणाल तर आमच्या सौ.ना माफी मागता येत नाही. तीस-बत्तीस वर्षांचा माझा अनुभव आहे. मी वाटही बघत नाही. पण इकडे जे झालं ते जसंच्या तसं कळवतो.

तेजस्वी गेली त्या दिवशीच मी बादलीतले दगड पुन्हा पेटीत ठेवले. मोटर चालू केली आणि समोर बसलो. काही हललं नाही. किडा नाही, गोगलगाय नाही, हातवाला नाही. नळीत थेंब टाकले तर रंग गर्द हिरवा, पूर्वी कधी आला नव्हता इतका. दगडांच्या आत जे मेलं ते सडत होतं. रोज बघत होतो, रोज हिरवा. सौ. स्वयंपाकघरातून विचारायच्या, "काय दिसलं?" मी म्हणायचो, काही नाही. त्यांनी टीव्ही लावणं बंद केलं.

मग परवाच्या आदल्या दिवशी पाठीमागच्या कोपऱ्यात, काचेला टेकून अडकलेला एक दगड मला दिसला. तो त्यांच्या हाताला लागलाच नव्हता. त्याच्यावर नळी होती, आणि नळीतून पिसारा अर्धा बाहेर आला होता. तेच फूल. मी सौ.ना हाक मारली. त्या आल्या आणि लांब भिंतीपाशी उभ्या राहिल्या, सावली पडू नये म्हणून. पुष्कळ वेळ तशाच उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "एकटंच राहिलं काय हो हे." मी बायको म्हणून त्यांना ओळखतो, तो आवाज माझ्या ओळखीचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी नारळी पौर्णिमा, त्यात सोमवार. सौ.चा निर्जळी नसला तरी कडक उपास असतो. सकाळी आंघोळ करून, ओलेत्या केसांनी त्या पिशवी घेऊन निघाल्या. मला वाटलं देवळात. परत आल्या त्या मिरकरवाड्याच्या मासळी बंदरावरून. पिशवीत केळीच्या पानात गुंडाळलेल्या कोळंब्या. सहदेवराव, श्रावणी सोमवारी, आमच्या घरात, आमच्या सौ.नी आणलेल्या. त्यांनी स्वतःच्या हाताने त्या पेटीत सोडल्या, मूठभर. म्हणाल्या, "माझ्या हातून गेलं, माझ्या हातून यायला हवं." मग पुन्हा आंघोळीला गेल्या, आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. डोळे लाल होते. साबण गेला म्हणाल्या.

आता पाण्याला वास येतो आहे आणि नळीतला हिरवा जवळपास काळा दिसतो. फूल आज उघडलेलं नाही. इतक्या कोळंब्या बरोबर आहेत की नाही ते मला माहीत नाही आणि सौ.ना विचारायचं धाडस नाही. हे पत्र आपण तेजस्वीला दाखवावं की नाही, ते आपण ठरवा.

सुहास

पूर्णगड, २३ ऑगस्ट

व्याहीबुवा, रामराम.

पत्र काल संध्याकाळी संदेशने दिलं. मी ते आधी उशीखाली ठेवलं. खोटं कशाला बोलू, दाखवलं की ती जाणार हे मला वाचतानाच कळलं होतं. जेवणं होईपर्यंत मी ते तिथेच राहू दिलं. मग काढून तिच्या हातात दिलं.

तिने वाचलं. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मला वाटलं आता रडेल, तर विचारते, "मूठभर म्हणजे केवढी मूठ?" मी म्हटलं, विहीणबाईंची. ती उठून फोन घेऊन खळ्यात गेली. तुमच्याकडे रेंज कमी, आवाज तुटतो हे तिला माहीत आहे, म्हणून ओरडूनच बोलली, त्यामुळे मलाही ऐकू आलं. विहीणबाईंनी उचलला असावा. ही म्हणाली, "आई, सगळ्या कोळंब्या काढा. आत्ता. विष आधीच भरपूर आहे, त्यात ते मरेल." मग तिकडून काहीतरी बोलणं झालं. ही पुष्कळ वेळ ऐकत होती. शेवटी म्हणाली, "नाय, तुम्ही चुकला असं नाय म्हणत मी. कोळंबी चुकली."

आत आली आणि बॅग भरायला घेतली. मी विचारलं, पेटीसाठी जातेस की त्यांच्यासाठी? ती म्हणाली, "अप्पा, तुम्ही झोपा."

आज पहाटेच्या गाडीने निघाली. खडकावर जाऊन कॅनमध्ये पाणी भरून नेणार होती, पण पावसाने समुद्र गढूळ आणि गोडसर झालेला आहे म्हणून तसंच राहू दिलं. पोचल्याचं कळवा. मी दुपारी एक ताट मांडलं. जमेल हळूहळू.

सहदेव

रत्नागिरी, १४ सप्टेंबर

सहदेवराव, नमस्कार.

पोचल्याचं फोनवर कळवलं होतं, पण आपल्याला अर्धंच ऐकू आलं असेल. बाकीचं लिहितो. गणपतीच्या गडबडीत उशीर झाला, माफी असावी.

तेजस्वी आली ती चपला काढून सरळ पेटीपाशी. सौ.नी कोळंब्या काढून ठेवल्याच होत्या, परसात केळीखाली पुरल्या. दोघींनी मिळून जुनं पाणी बादल्यांनी उपसलं, पाकिटातलं समुद्री मीठ कालवून नवं भरलं. मी बादल्या वाहिल्या. कोणी कोणाशी पेटीशिवाय दुसरं काही बोललं नाही. पुढचे काही दिवसही तसंच. "आई, मोटर बघा." "तेजू, रंग काय आला?" तेजू म्हणाल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं. गौरीच्या आदल्या संध्याकाळी नळीत रंग पिवळा आला. मला वाटलं माझे डोळे गेले, म्हणून दोघींना दाखवला. पिवळाच होता.

ओवसा झाला. स्वरूप आला होता आणि या वेळी त्याला आम्ही लवकर जाऊ दिलं नाही. तेजस्वीने सुपं भरली, काकड्या, दोडके, पानं, सगळं रीतीप्रमाणे. एक सूप सौ.च्या हातात दिलं आणि वाकून नमस्कार केला. आता सासूने सुपात काहीतरी घालायचं असतं. सौ.नी सोन्याची नथ करून ठेवली होती, ती घातली. मग सगळ्या बायकांच्या देखत म्हणाल्या, "मुंबईला जायचं तर जा बाय. खोली बघितलीस असं स्वरूप म्हणाला. मी आडवी येत नाय. घर दोघींचं असतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं, मी माझ्या सासूच्या घरातच राहिले. पेटी मात्र इथे राहू दे. मी सांभाळीन."

तेजस्वी म्हणाली, "तुम्हाला थेंब टाकून रंग वाचता येतो काय?"

सौ. म्हणाल्या, "नाय. शिकव."

तेजस्वी तिथेच, ओवशाच्या शालूत, रडायला लागली. लहान मूल रडतं तसं, तोंड न झाकता. सौ.नी तिला जवळ घेतलं. बाकीच्या बायकांना काय चाललं आहे ते कळलं नाही. त्यांना वाटलं नथ कमी पडली.

खोलीचं स्वरूपला नाही म्हणून कळवलं आहे, तेजस्वीने स्वतः. आपलं ताट एकट्याचं राहणार याचं मला मनापासून वाईट वाटतं. त्यावर सौ.नी असा तोडगा काढला आहे की दर रविवारी आपण इकडे जेवायला यायचं. मी त्यांना म्हटलं, मुलीच्या सासरी दर रविवारी जेवणं ते मानणार नाहीत. त्या म्हणाल्या, "मग मी तेजूला घेऊन तिकडे जाते. मलाही बघायचं आहे, ती दगडाखाली काय बघते ते." ओहोटीची वेळ फोनवरच कळवा. त्या उद्याच निघायचं म्हणतात.

आपला,
सुहास